समुपदेशन आणि कोचिंग यांची सांगड: प्रौढांनी एकात्मिक मदत कशी निवडावी आणि कशी वापरावी

झोप उडालेली आहे, ऑफिसात क्षुल्लक कारणावरून आवाज चढतो आहे, वडिलांच्या आजारपणात खर्चाची ओढाताण आहे आणि आपण त्यांच्यासाठी पुरेसे करत नाही ही बोचणीही आहे, त्यातच नोकरी बदलावी की नाही हा निर्णय वर्षभर लोंबकळत पडला आहे. अशा अवस्थेत मदत शोधू पाहणाऱ्या प्रौढ माणसाला पहिला प्रश्न पडतो तो जायचे नेमके कोणाकडे हा. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, लाइफ कोच अशा पाट्या शहरात शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या माहितीपत्रकावर आता ‘एकात्मिक’ हा शब्द असतो. ही मदत प्रत्यक्षात कशी चालते, ती देणारी व्यक्ती कशी पारखावी आणि ठरलेल्या सत्रांचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

एकात्मिक म्हणजे काय, आणि काय नव्हे

मानसोपचाराच्या पद्धती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गृहीतकांवर उभ्या राहिल्या. फ्रॉइडच्या परंपरेने आजच्या वागण्याची मुळे जुन्या नात्यांत शोधली. कार्ल रॉजर्स यांनी ऐकणाऱ्याची आस्था, प्रामाणिकपणा आणि बिनशर्त स्वीकार यांनाच बदलाचे कारण मानले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती आणि ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात विकसित केलेली बोधात्मक पद्धती यांनी माणूस प्रसंगाविषयी मनात काय म्हणतो याकडे लक्ष वळवले. महाराष्ट्रात एलिस यांचा विचार रुजवण्याचे श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्याकडे जाते, आणि त्यामुळेच ‘अविवेकी विचार’ हा शब्दप्रयोग मराठी समुपदेशकांच्या बोलण्यात इतका सहज येतो. पुढे अर्नोल्ड लाझारस यांच्यासारख्यांनी असा आग्रह धरला की रुग्णाला पद्धतीच्या मापात बसवण्यापेक्षा पद्धत रुग्णाच्या मापाने घ्यावी. १९८३मध्ये या विचाराच्या मंडळींची एक आंतरराष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली.

एकात्मिक समुपदेशन या धारेतून आलेले आहे. त्यात समुपदेशकाची एक मूळ बैठक असते आणि त्या बैठकीवरून तो इतर पद्धतींतली साधने कारण पाहून उचलतो. पहिल्या सत्रात श्वासाचा व्यायाम, दुसऱ्यात बालपण, तिसऱ्यात चक्रे आणि चौथ्यात ‘व्हिजन बोर्ड’ असा कार्यक्रम म्हणजे मात्र नुसती भेळ होय. फरक ओळखण्याचा उपाय साधा आहे. ‘हे साधन आत्ता, माझ्यासाठीच का?’ असे कोणत्याही सत्रात विचारावे. चांगला समुपदेशक दोन-तीन वाक्यांत सरळ उत्तर देतो. जो ‘विश्वास ठेवा, हळूहळू कळेल’ असे सांगून वेळ मारून नेतो, त्याच्याकडे बहुधा उत्तर नसते.

कोचिंगचा उगम वेगळा आहे. ते क्रीडाप्रशिक्षण आणि व्यवस्थापन या क्षेत्रांतून आले आणि त्याचा रोख पुढच्या कृतीवर असतो. ब्रिटनमध्ये १९८०च्या दशकात घडलेली ‘ग्रो’ ही चौकट सर्वाधिक वापरली जाते: ध्येय काय, आजची स्थिती काय, पर्याय कोणते आणि त्यांपैकी काय, केव्हा करणार. समुपदेशन दुखऱ्या जागेपाशी थांबते, तर कोचिंग माणूस चालण्याच्या स्थितीत आहे असे धरून चालते. हे गृहीतक चुकले की कोचिंग अपाय करते, कारण ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्याला ‘पुढील ९० दिवसांची उद्दिष्टे’ लिहायला लावले तर आठवड्याभराने त्याच्या हाती आणखी एक अपयश येते. उलट, दुःख बरेचसे निवल्यावरही केवळ त्याविषयी बोलत राहणे हे निर्णय टाळण्याचे सोयीचे साधन होऊ शकते. म्हणून एकात्मिक मदतीत सगळ्यात महत्त्वाचा असतो तो क्रम, आणि तो क्रम आपल्या बाबतीत काय आहे हे मदत घेणाऱ्यालाही ठाऊक असायला हवे.

समुपदेशकाआधी डॉक्टर

ही पायरी पुष्कळ जण गाळतात. थायरॉइडचा स्राव कमी पडल्यास थकवा, मंदपणा, वजनवाढ आणि उदासी दिसते. रक्तक्षय आणि ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ची कमतरता, जी शाकाहारी घरांत सर्रास आढळते, यांनीही माणूस गळून जातो आणि चिडचिडा होतो. रजोनिवृत्तीच्या आसपासच्या वर्षांत छातीत धडधड, घाम आणि झोपमोड हे त्रास होतात आणि त्यांना अनेकदा ‘टेन्शन’ म्हणून बाजूला सारले जाते. तेव्हा आधी आपल्या फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्यावी, छातीच्या तक्रारी असतील तर ईसीजी काढावा, आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी त्यांना दाखवावी. दारूचे प्रमाणही खरे सांगावे. झोप येण्यासाठी घेतलेले दोन पेग पहाटे झोप मोडतात आणि दुसऱ्या दिवशीची घबराट वाढवतात.

याच टप्प्यावर पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे चाचपणारी प्रश्नावली भरून पाहता येते. तिचे मराठी रूप उपलब्ध आहे. मागील दोन आठवड्यांविषयीचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर तज्ज्ञांकडून नीट तपासणी करून घ्यावी. मात्र हे निदान नव्हे, ही केवळ चाळणी आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे, आणि त्याला शून्य सोडून कोणतेही उत्तर आले तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीचा पर्याय आहे. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२ लावावा किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा. ‘पोलिसकेस होईल’ या भीतीने घरचे लोक गप्प बसतात. पण मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७च्या कलम ११५नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही.

कानात आवाज येणे, लोक आपल्याविरुद्ध कट करत आहेत अशी पक्की खात्री वाटणे, कित्येक दिवस झोपेची गरजच न भासणे आणि त्या भरात बेसुमार खर्च करणे, किंवा खाणेपिणे जवळजवळ बंद होणे, यांपैकी काही असेल तर प्रथम मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे औषध देऊ शकणारा डॉक्टर गाठावा. समुपदेशन नंतर जोडीला येते. कोचिंगचा तर त्या टप्प्यावर विचारही करू नये.

माणूस कसा निवडावा

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असतात आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे किंवा त्या त्या राज्याच्या परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते आणि त्यांचा नोंदणी क्रमांक मागून पडताळता येतो. समुपदेशकांच्या बाबतीत चित्र धूसर आहे. २०२१च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने मानसशास्त्र व समुपदेशन क्षेत्रातल्या व्यवसायांना कायद्याच्या कक्षेत आणले असले, तरी पाटी लावण्यापूर्वी प्रत्येकाची काटेकोर तपासणी होते असे समजून चालू नये. कोचिंगला तर आपल्याकडे कायद्याची चौकटच नाही. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेनंतरही कोणी कोच म्हणवून घेऊ शकतो. आंतरराष्ट्रीय कोचिंग महासंघासारख्या संस्था प्रशिक्षणाचे तास आणि प्रत्यक्ष सराव मोजून प्रमाणपत्रे देतात, त्यांचा काही आधार मिळतो, पण अशा प्रमाणपत्राने माणूस नैराश्य हाताळण्यास पात्र ठरत नाही.

म्हणून पहिल्या फोनवर विचारायचे प्रश्न कागदावर लिहून ठेवावेत. तुमचे शिक्षण काय आणि प्रत्यक्ष देखरेखीखाली किती काळ काम केले? तुमची मूळ पद्धत कोणती आणि तिला काय जोडता? समुपदेशन आणि कोचिंग दोन्ही करत असाल, तर एकातून दुसऱ्यात जाताना ते मला कसे सांगता? आजही तुम्ही कोणा ज्येष्ठ सहकाऱ्याकडून आपल्या कामाचे पर्यवेक्षण करून घेता का? औषधांची गरज वाटली तर कोणाकडे पाठवता? यांतला पर्यवेक्षणाचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण भिंतीवरच्या प्रमाणपत्रांपेक्षा त्याचे उत्तर माणसाविषयी अधिक सांगून जाते. ‘मला आता त्याची आवश्यकता नाही’ हे उत्तर आल्यास दुसरा क्रमांक फिरवावा. तीन सत्रांत हमखास बरे करण्याची हमी, एकदम २० सत्रांचे आगाऊ पैसे, चालू औषधे बंद करण्याचा सल्ला आणि इतर क्लायंटांच्या ओळखीच्या वाटाव्यात अशा कहाण्या, या चारही गोष्टी तेथून निघण्यास पुरेशा आहेत.

पैशांचे आधीच बोलून घ्यावे. सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचे असते. शुल्क शहराप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे फार बदलते. सत्र आयत्या वेळी रद्द केल्यास काय, हेही विचारावे. ऐपत कमी असेल तर अनेक समुपदेशक ठरावीक जागा कमी शुल्कात ठेवतात. विचारल्याशिवाय ते कळत नाही. सरकारी पर्यायांकडे नाक मुरडू नये. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सेवा मिळते, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत, गोव्यात बांबोळीची मानसोपचार आणि मानवी वर्तणूक संस्था आहे. ठाण्यात १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था मराठीतून काम करणाऱ्यांपैकी जुनी आणि परिचित आहे.

भाषेचा विचार अवश्य करावा. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारी व्यक्तीही आईविषयी बोलताना मराठीत येते, आणि समोरच्याला ‘जीव घाबराघुबरा झाला’ हे समजावून सांगावे लागले तर अर्धे सत्र भाषांतरात जाते. परदेशातील मराठी माणसे यासाठीच पुण्या-मुंबईच्या समुपदेशकांकडे ऑनलाइन सत्रे घेतात. त्यांनी एक खबरदारी घ्यावी. अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे भारतातील समुपदेशक तेथे स्थानिक उपचारकाची जागा घेऊ शकत नाही आणि रात्री प्रसंग ओढवला तर तेथे मदतही पाठवू शकत नाही. अशा व्यक्तीने स्थानिक डॉक्टरांचा आणि मानसिक संकटासाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक, अमेरिकेत ९८८, हाताशी ठेवावा.

पहिल्या सत्राची तयारी

सत्राला जाताना एक पानभर टिपण न्यावे: त्रास केव्हापासून, त्या सुमारास काय घडले, दिवसातल्या कोणत्या वेळी वाढतो, आजवर काय करून पाहिले, आणि त्रास कमी झाला तर घरच्यांना माझ्या वागण्यात पहिला फरक कोणता दिसेल. हा शेवटचा मुद्दा सर्वांत कठीण जातो. ‘मला आनंदी व्हायचे आहे’ या उत्तराचा उपयोग नाही; ‘रविवारी संध्याकाळी सोमवारच्या विचाराने पोटात गोळा येणार नाही आणि मी मुलाबरोबर बाहेर पडेन’ याचा आहे.

पहिल्या सत्रात समुपदेशकाने गोपनीयतेची मर्यादा सांगितली पाहिजे. मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला २०१७च्या कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण कोणाच्या जिवाला धोका असल्यास, न्यायालयाने आदेश दिल्यास, किंवा बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती पुढे आल्यास (ती कळवणे २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे) ही गोपनीयता सैल होते. कोचच्या बाबतीत हे लेखी करारातच असावे, आणि कोचचे शुल्क कंपनी भरत असेल तर मनुष्यबळ विभागाला नेमके काय कळवले जाणार हे सही करण्यापूर्वी वाचावे. नवरा किंवा बायको फोन करून ‘काय म्हणाली ती?’ असे विचारणार असेल, तर समुपदेशक काय उत्तर देईल, हेही ठरवून घ्यावे. आपल्याकडे हा प्रसंग येतोच.

घरात मारहाण किंवा धाकदपटशा असेल तर ते एकट्याने आणि लवकर सांगावे. अशा वेळी जोडप्याला एकत्र बसवून ‘संवाद सुधारणे’ धोक्याचे ठरते. आधी सुरक्षितता, आणि त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन व २००५चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा हे मार्ग आहेत.

काम प्रत्यक्षात कसे पुढे सरकते

समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या, बँकेत अधिकारी असलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या बाई आहेत. बढती घेतली तर मुंबईबाहेर बदली होणार, घरी सासूबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या, आणि नवरा ‘तुझं तू ठरव’ म्हणून मोकळा. त्या येतात ते ‘बढती घ्यावी की नाही, दोन सत्रांत ठरवून द्या’ असे म्हणत. मागणी कोचिंगची आहे. पण बोलताना कळते की त्यांना पहाटे साडेतीनला जाग येते, गर्दीच्या लोकलमध्ये धडधडून श्वास अडकतो, आणि गेल्या महिन्यात त्या दोनदा मधल्याच स्टेशनवर उतरून फलाटावर बसून राहिल्या.

येथे जाणता समुपदेशक निर्णयाचा विषय बाजूला ठेवतो आणि तसे सांगतो: ‘हा निर्णय आपण घेणार आहोत, पण झोप आणि ही धडधड ताब्यात आल्यावर.’ डॉक्टरांकडच्या तपासणीत रक्तक्षय निघतो, लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पहिली काही सत्रे केवळ शरीराला शांत करण्यात जातात. श्वास घेण्यापेक्षा सोडायला अधिक वेळ, म्हणजे चार आकडे आत आणि सहा आकडे बाहेर, असा पाच मिनिटांचा सराव आधी घरी, मग रिकाम्या दुपारच्या गाडीत, आणि शेवटी सकाळच्या जलद लोकलमध्ये केला जातो. उठण्याची वेळ रविवारीही तीच. काळज्यांसाठी संध्याकाळी पंधरा मिनिटे राखीव. पहाटे काळजी आली तर ‘सात वाजता बघू’ म्हणून उशाशी ठेवलेल्या वहीत एक ओळ लिहायची. ऐकताना हे पोरकट वाटते, पण डोक्यात घोळणारी गोष्ट कागदावर उतरली की ती विसरण्याची धास्ती उरत नाही, आणि झोपेला जागा मिळते.

मग विचारांकडे वळता येते. समजा, शाखेत तपासणी चालू असताना एक फाइल दहा मिनिटे सापडली नाही. बाईंनी वहीत पाच रकाने आखले. प्रसंग: फाइल सापडत नाही, ऑडिटर उभे आहेत. मनात आलेले वाक्य: ‘आता सगळ्यांना कळलं की मला काही येत नाही.’ भावना: भीती, शंभरात ८०. पुरावा: फाइल शेजारच्या कपाटात निघाली, ऑडिटर चहा घेत थांबले होते, शेरा काहीच नाही. पर्यायी वाक्य: ‘फाइल हाताशी असायला हवी होती, उद्या कपाटाची यादी करते.’ भीती आता ४५. लक्षात घ्यावे की ती शून्यावर आलेली नाही. आली असती तर समुपदेशकाने शंका घ्यावी, कारण क्लायंट शहाण्या विद्यार्थ्यासारखी उत्तरे लिहू लागली असण्याचा संभव असतो. आठ-दहा नोंदी झाल्या की त्यांमागचा कायदा दिसू लागतो: ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये.’ विवेकनिष्ठ पद्धतीचे काम येथे सुरू होते, आणि ते चूक न करण्याच्या इच्छेवर नसून त्या ‘होताच कामा नये’वर असते. चूक होऊ नये ही इच्छा रास्त आहे, हट्ट मात्र माणसाला पिळून काढतो.

हा कायदा आला कोठून, असे विचारल्यावर बाई थांबतात. वडील गेले तेव्हा त्या बारावीत होत्या, थोरल्या होत्या, आणि घरातल्या कोणी त्यांना रडताना पाहिले नाही. या सत्रात रकाने बंद करावे लागतात. कोणतेही तंत्र न वापरता ऐकणे हीच येथे पद्धत असते. समुपदेशक घाईने ‘पर्यायी विचार’ सुचवू लागला तर सत्तावीस वर्षांनी उघडलेले दार पुन्हा बंद होते. एकात्मिक कामाची खरी परीक्षा अशा वेळी होते, कारण हाताशी दहा साधने असताना एकही न उचलणे हे शिक्षणाने आणि अनुभवानेच येते.

झोप सुधारली, लोकलचा प्रवास पुन्हा पूर्ण होऊ लागला, वडिलांविषयी बोलता आले. आता कोचिंगची वेळ आली, आणि समुपदेशक ते उघड सांगतो, जेणेकरून सत्राचा सूर का बदलला हे बाईंना कळावे. ध्येय लिहिले जाते. स्थिती तपासताना लक्षात येते की बढतीचा प्रश्न अडला आहे तो सासूबाईंच्या सेवेच्या वाटणीपाशी, आणि दिराकडे हा विषय आजवर कोणी नीट काढलेलाच नाही. बाईंचे पहिले वाक्य होते, ‘भावजी, जमलं तर बघा ना.’ सत्रात त्याची तालीम होते, समुपदेशक दिराची भूमिका घेऊन टाळाटाळ करतो, आणि तिसऱ्या खेपेला वाक्य असे उभे राहते: ‘भावजी, आईंच्या रात्रीच्या बाईचा निम्मा खर्च आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार तुमच्याकडे, असं या महिन्यापासून ठरवू या. तुम्हाला कोणते दोन सोयीचे?’ कधी बोलणार, समोर कोण असेल, नकार आला तर पुढचे वाक्य कोणते, हे सारे ठरते. बढती घ्यावी की नाही याचे उत्तर समुपदेशक देत नाही. ते दिले तर त्याच्या निर्णयाचे परिणाम बाईंना भोगावे लागतील.

सत्रांच्या मधले दिवस

आठवड्यातला एक तास सत्रात जातो, उरलेल्या १६७ तासांत काय होते त्यावर बदल अवलंबून असतो. सत्र संपल्यावर लगेच पुढच्या कामाला पळू नये. दहा मिनिटे बसून तीन ओळी लिहाव्यात: आज काय उमगले, काय खटकले, या आठवड्यात काय करणार. ‘काय खटकले’ ही ओळ गाळू नये. दिलेला सराव झाला नाही तर सत्र रद्द करण्याची इच्छा होते. नेमके तेव्हाच जावे आणि ‘केले नाही’ असे सांगावे, कारण ते का झाले नाही यातच बहुधा पुढच्या कामाचा धागा असतो. मात्र रोज रात्री समुपदेशकाला लांबलचक व्हॉट्सॲप संदेश पाठवणे योग्य नव्हे. संपर्काची रीत पहिल्याच सत्रात ठरवावी.

उदासीत उत्साह येण्याची वाट पाहून काही करायला घेतले तर ते होतच नाही. म्हणून कृती आधी ठरवली जाते, आणि ती हास्यास्पद वाटावी इतकी लहान असते: अंघोळीनंतर गच्चीवर दहा मिनिटे, एका मैत्रिणीला फोन, एक कपाटाचा खण. केल्यानंतर समाधान किती वाटले ते दहापैकी गुणांत लिहावे. दोन आठवड्यांच्या नोंदीत आपल्याला खरोखर कशाने बरे वाटते हे दिसते, आणि मोबाइल चाळण्याने काय होते तेही.

मनोविकारतज्ज्ञांनी औषध दिले असेल तर समुपदेशन सुरू आहे म्हणून ते परस्पर सोडू नये. नैराश्यावरील बहुतेक औषधांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी अधिक लागतात, आणि ती एकदम बंद केल्यास चक्कर, बेचैनी असे त्रास होतात.

जुळत नसेल तर, आणि थांबताना

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९मध्ये समुपदेशक आणि क्लायंट यांच्यातल्या सहकार्याचे तीन भाग सांगितले: उद्दिष्टांवर एकमत, ते गाठण्याच्या कामांवर एकमत, आणि परस्परांतला विश्वास. चौथ्या-पाचव्या सत्रापाशी या तिन्हींची उजळणी करावी. काही बिघडले असेल तर सोडून जाण्यापूर्वी समोरासमोर बोलावे. ‘मागच्या वेळी तुम्ही मला मध्येच तोडले, त्यानंतर मी मोकळेपणाने बोललो नाही’ असे म्हणणे मराठी माणसाला अवघड जाते, विशेषतः समोरची व्यक्ती वयाने मोठी असेल आणि तिला ‘मॅडम’ किंवा ‘सर’ म्हणायची सवय लागलेली असेल तर. पण चांगला समुपदेशक अशा बोलण्याने दुखावत नाही. त्याच्या दृष्टीने ते सत्रातले सर्वांत उपयोगी वाक्य असू शकते. बोलूनही फरक पडला नाही, तर बदलावे, आणि आधीच्या कामाचा लेखी गोषवारा मागून घ्यावा, म्हणजे नव्या ठिकाणी सारे पहिल्यापासून सांगावे लागत नाही. लैंगिक स्वरूपाची जवळीक, उसने पैसे किंवा आपल्या धंद्यात भागीदारीची गळ या गोष्टींवर मात्र चर्चा नको. ताबडतोब थांबावे आणि संबंधित परिषदेकडे तक्रार करावी.

दर सहा सत्रांनंतर पीएचक्यू-९ पुन्हा भरावी आणि पहिल्या दिवशी लिहिलेले ‘घरच्यांना दिसणारा पहिला फरक’ हे वाक्य वाचावे. गुण उतरले आहेत पण वाक्य तसेच आहे, असे झाले तर बहुधा कोचिंगचा भाग अपुरा राहिला आहे. वाक्य खरे झाले पण गुण चढेच असतील तर माणूस रेटून नेतो आहे आणि पुन्हा समुपदेशनाकडे, कदाचित डॉक्टरांकडे, वळायला हवे. दोन्ही जागचे हलले नसतील तर आणखी सहा सत्रे त्याच पद्धतीने घेण्यात अर्थ नाही. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, आणि ते समुपदेशकाला सांगून घ्यावे.

थांबण्याची वेळ जवळ आली की सत्रे एकदम बंद न करता पंधरा दिवसांनी, मग महिन्याने अशी लांबवावीत. शेवटच्या दोन सत्रांत एक पान तयार करावे: त्रास परतताना माझ्यात सर्वांत आधी काय दिसते (बाईंच्या बाबतीत पहाटेची जाग आणि डबा न खाता परत आणणे), तेव्हा मी पहिल्या आठवड्यात काय करणार, आणि किती दिवस वाट पाहून फोन करणार. हे पान नवऱ्याला, बहिणीला किंवा जवळच्या मित्राला वाचायला द्यावे, कारण डबा परत आल्याचे आधी त्यांच्या लक्षात येते. तीन महिन्यांनंतरच्या एका पाठपुराव्याच्या सत्राची तारीख मात्र उठण्यापूर्वीच डायरीत लिहून घ्यावी. ‘लागलं तर फोन करीन’ यावर सोडल्यास तो फोन सहसा होत नाही.